लार्जमाउथ बास गरवताना: खोली, वेग आणि बोटीची देखभाल

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा गळाला लागत नाही तेव्हा बहुतेकांचा हात आधी आमिषांच्या डब्याकडे जातो. हिरव्याऐवजी काळं, काळ्याऐवजी लाल, असं करता करता सकाळ निघून जाते. आधी तपासायच्या गोष्टी दोनच असतात: आमिष मासा आहे त्या खोलीवर पोचतंय का, आणि तिथे त्याच्या तोंडासमोर पुरेसा वेळ टिकतंय का. रॉडची (गळाच्या काठीची) लवचीकता, लाइनची (दोऱ्याची) जाडी, वजन, रीलचा (दोरा गुंडाळणाऱ्या चक्राचा) गिअर हे सगळं या दोन गोष्टी साधण्यासाठीच निवडायचं. बोटही त्यातच आली. वाऱ्याने बोट सरकत राहिली की लाइनला पोट येतं, आमिष तळ सोडून वर उचललं जातं आणि मग कितीही चांगलं आमिष लावलं तरी उपयोग होत नाही. म्हणून या लेखात बोटीच्या देखभालीला गरवण्याच्या सामानाइतकीच जागा दिली आहे.

मापांबद्दल एक खुलासा. बासचं सामान फूट, पौंड आणि औंस याच मापांत विकलं जातं, म्हणून इथेही तीच ठेवली आहेत. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. तापमान मात्र सेल्सिअसमध्ये दिलं आहे.

पाणी किती गरम, त्यावर मासा कुठे

लार्जमाउथ मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला. तोंड मिटलेलं असताना त्याचा वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. त्याच्या भाऊबंद स्मॉलमाउथ बासचा डोळ्याच्या मागे जात नाही. लार्जमाउथ हा पाठलाग करून दमणारा मासा नाही. खुंट, पाणगवत, धक्क्याचा खांब, अचानक खोल होणारी कड अशा आडोशाला दबा धरतो आणि जवळून गेलेलं भक्ष्य गिळतो. त्याच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर बदलतं, त्यामुळे तो किती अंतरावरून आमिषावर येईल हे पाणीच ठरवतं.

१० अंशांखाली पचन मंदावतं. मासे उभ्या उताराच्या काठांजवळ, खोलात राहतात. इथे जिग (वजनदार डोक्याचा हुक असलेलं आमिष) तळावर जवळजवळ न हलवता ठेवावा लागतो, किंवा पाण्यात अधांतरी थांबणारं जर्कबेट (माशाच्या आकाराचं कडक आमिष) दोन झटके देऊन १० ते २० सेकंद तसंच सोडावं लागतं. ही थांबण्याची वेळ बहुतेक जण अर्ध्यावर आणतात आणि तिथेच मासा हुकतो. हवं तर घड्याळ लावा.

१० ते १५ अंशांदरम्यान मासे उथळाकडे निघतात, पण एकदम जात नाहीत. पाण्यात घुसलेली जमिनीची टोकं, ओढ्याच्या जुन्या पात्राच्या कडा, उथळ पठारालगतचे पहिले खुंट अशा वाटेवरच्या ठिकाणी रेंगाळतात. उत्तर गोलार्धात जलाशयाचा उत्तर आणि वायव्य काठ आधी तापतो, कारण तिथे ऊन जास्त वेळ पडतं आणि थंड उत्तरेचा वारा अडतो. एकाच जलाशयात दोन काठांमध्ये दोन-तीन अंशांचा फरक सापडला तर गरम बाजूने सुरुवात करा. फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) दाखवतो ते तापमान ट्रान्सड्यूसरच्या (त्याच्या पाण्यातल्या संवेदकाच्या) जवळचं, म्हणजे पृष्ठभागाचं असतं. एका दुपारच्या उन्हाने वरचं पाणी तापलं म्हणून खालचा मासा लगेच वर येत नाही.

१५-१६ अंशांच्या पुढे घरटी सुरू होतात. नर साधारण २ ते ६ फूट पाण्यात, कठीण तळावर शेपटीने गोल खळगा साफ करतो, आणि अंडी व पिल्लं दोन्ही तोच राखतो. नराला बोटीत आणून फोटो काढेपर्यंत ब्लूगिलसारखे मासे घरटं फस्त करू शकतात. आमचं स्पष्ट मत असं की घरट्यावरचा नर मुद्दाम पकडू नये. चुकून लागला तर हुक पाण्यातच काढून तिथल्या तिथे सोडावा. अमेरिका-कॅनडातल्या काही राज्यांत आणि प्रांतांत हा हंगामच बंद असतो, तेव्हा स्थानिक नियम आधी पाहा.

उन्हाळ्यात खेळ दोन टोकांवर विभागला जातो. पहाटे आणि संध्याकाळी उथळात पृष्ठभागावरची आमिषं चालतात. ऊन चढलं की दाट सावली नाहीतर खोल कडा. खोल जलाशयांत या काळात पाण्याचे थर पडतात. वरचं गरम आणि खालचं थंड पाणी यांच्यामधला थर फिशफाइंडरची संवेदनशीलता वाढवली की धूसर पट्ट्यासारखा दिसतो. त्याच्या खाली बऱ्याच जलाशयांत प्राणवायू उरत नाही. पट्टा १८ फुटांवर असेल तर २५ फुटांवर जिग टाकण्यात काहीच अर्थ नाही, तिथला तळ कितीही देखणा दिसला तरी.

शरद ऋतूत छोट्या माशांचे थवे ओढ्यांच्या आत सरकतात आणि बास त्यांच्या मागे जातात. वरचं पाणी थंड होऊन थर मिसळतात तेव्हा काही दिवस पाणी गढूळ होतं आणि त्याला कुजका वास येतो. या दिवसांत मुख्य जलाशय सोडून वाहतं पाणी असलेल्या ओढ्यांच्या वरच्या टोकाला जा.

पाण्याचा रंग आणि वारा यांचं थोडक्यात: स्वच्छ पाण्यात नैसर्गिक रंग, बारीक लाइन, लांब फेक. गढूळ पाण्यात काळा-निळा किंवा झगझगीत पिवळट हिरवा, कंप देणारं आमिष, आणि आडोशाला अगदी चिकटून फेक, कारण तिथे मासा फूटभर अंतरावरूनच घेतो. वारा लागणारा काठ गैरसोयीचा असला तरी बहुधा तोच चांगला. लाटांमुळे उजेड फुटतो आणि वाऱ्याबरोबर आलेल्या सूक्ष्म अन्नामागे छोटे मासे येतात.

रॉड, रील, लाइन

सुरुवातीला दोन संच पुरे. पहिला ७ फुटी मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शन (टोकाजवळच वाकणारा) बेटकास्टिंग रॉड (रील वर बसतं आणि फेकताना लाइनचं चाक फिरतं) आणि साधारण ७:१ गिअरचं (हँडलच्या एका वेढ्याला ते चाक सात वेळा फिरवणारं) रील. टेक्सास रिग (हुक लपवलेला प्लास्टिकचा गांडूळ; सविस्तर पुढे), जिग, स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) यांसाठी. दुसरा ७ फुटी मीडियम स्पिनिंग रॉड (रील खाली बसतं, लाइनचं चाक स्थिर राहतं) आणि २५०० किंवा ३००० मापाचं रील. ड्रॉप शॉट (वजन खाली, हुक वर; हेही पुढे) आणि हलक्या आमिषांसाठी. तिसरा घ्यायचाच झाला तर क्रँकबेटसाठी (ओढलं की खाली बुडी मारणारं कडक आमिष) मॉडरेट ॲक्शनचा, मध्यापर्यंत वाकणारा रॉड. क्रँकबेटचे तिहेरी हुक छोटे असतात; ताठ रॉडने झटका दिला की माशाच्या तोंडातून फाटून निघतात.

लाइनच्या तीन जाती तीन वेगळ्या कामांच्या आहेत. फ्लुओरोकार्बन पाण्यात बुडतो, कमी ताणला जातो आणि त्याचा वक्रीभवनांक १.४२ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या १.३३ ला जवळ असल्याने तो कमी दिसतो. तळावरच्या आमिषांना आणि क्रँकबेटला हाच. नायलॉन मोनोफिलामेंट जास्त ताणला जातो आणि हळूहळू बुडतो, म्हणून पॉपरसारख्या उघड्या हुकांच्या पृष्ठभागावरच्या आमिषांना चांगला. ब्रेड (विणलेली लाइन) तरंगतो, जवळजवळ ताणलाच जात नाही आणि पाणगवत कापत जातो. बेडकाच्या आकाराच्या आमिषाला ५० ते ६५ पौंडांचा (म्हणजे तेवढा ताण पेलणारा) ब्रेड लागतो. पृष्ठभागावरच्या आमिषाला फ्लुओरोकार्बन बांधला तर लाइन बुडून आमिषाचं नाक खाली ओढते. ही चूक फार सर्रास दिसते.

टेक्सास रिगला १५ पौंड, क्रँकबेटला १० ते १२ पौंड फ्लुओरोकार्बन घ्या. ड्रॉप शॉटला १० ते १५ पौंडांच्या ब्रेडला ८ पौंडांचा फ्लुओरोकार्बन लीडर (हुककडचा शेवटचा तुकडा) जोडा. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर (रीलमधल्या लाइनच्या चाकावर) गुंडाळला तर अख्खी गुंडाळी गरगर फिरते आणि ड्रॅग (मासा जोराने ओढतो तेव्हा लाइन सुटू देणारी यंत्रणा) बिघडल्यासारखं वाटतं. आधी काही वेढे मोनोफिलामेंटचे द्यावेत. स्पिनिंग रील काठापासून साधारण ३ मिलिमीटर खाली राहील इतकंच भरावं, आणि फेकीनंतर लाइन अडवणारी रीलवरची तार हाताने पाडावी. हँडल फिरवून पाडण्याची सवय लाइनला पीळ देते.

बेटकास्टिंग रील जुळवायचं असं:

१. जे आमिष वापरायचं तेच बांधा. रॉड आडवा धरून स्पूल मोकळा सोडा. आमिष सावकाश खाली यावं आणि जमिनीला टेकताच स्पूल एका वेढ्याच्या आत थांबावा. थांबत नसेल तर हँडलजवळची ताणाची गुंडी आवळा.

२. ब्रेक (फेकताना स्पूलचा वेग रोखणारा) तीन-चतुर्थांशावर ठेवा. आडव्या हाताने, जोर न लावता फेक करा.

३. आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी अंगठ्याने स्पूल थांबवा. गुंता होतो तो बहुतेक वेळा इथेच: आमिष थांबलेलं असतं आणि स्पूल फिरतच असतो.

४. अंगठ्याला सवय होईल तसा ब्रेक एकेक घर कमी करा. वाऱ्याच्या तोंडावर फेकताना तो पुन्हा वाढवा.

गुंता झालाच तर लाइन हिसडू नका. अंगठा स्पूलवर घट्ट दाबून हँडल दोन-तीन वेढे फिरवा, मग स्पूल मोकळा करून लाइन हळू ओढा. बहुतेक गुंते यानेच सुटतात. सुटल्यावर फ्लुओरोकार्बनला पांढरट मोड दिसली तर तिथून पुढची लाइन कापून टाका. मोठा मासा तिथेच तोडतो.

गाठ एकच नीट शिकायची तर पालोमार. लाइन दुमडून तिचा फास हुकच्या डोळ्यातून काढा, दुहेरी लाइनने एक साधी सैल गाठ मारा, फासातून अख्खा हुक ओवा, लाइन ओली करा आणि दोन्ही पदर सारखे ओढून आवळा. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि फ्लुओरोकार्बन तिथेच कमजोर होतो. आवळताना पदर एकमेकांवर चढले तर गाठ पुन्हा मारा. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवा आणि तो अंदाजाने न ठेवता स्प्रिंगच्या काट्याने मोजा. दाट पाणगवतातल्या ब्रेडला हा नियम लागू नाही; तिथे ड्रॅग जवळजवळ बंदच लागतो.

टेक्सास रिग, बारकाव्यांसह

एकाच रिगवर हंगाम काढायचा तर हीच घ्यावी. हुकचं टोक आमिषात लपलेलं असल्याने खुंटांतून आणि गवतातून ती निसटत येते. सामान: गोळीच्या आकाराचं ३/१६ किंवा १/४ औंसाचं वजन, ३/० मापाचा ऑफसेट (डोळ्याजवळ खांदा वाकवलेला) हुक, ६ ते ७ इंचांचा प्लास्टिकचा गांडूळ. जाड अंगाच्या आमिषाला ४/०.

१. वजनाच्या टोकदार बाजूने लाइन आत घाला, मग हुक बांधा. गवत दाट असेल तर वजनाच्या आधी लाइनवर रबराचा छोटा अडथळा ओवा, म्हणजे वजन आणि गांडूळ एकत्रच खाली जातील. उघड्या तळावर तो नको. वजन पुढे गेल्यावर गांडूळ मागून तरंगत येतो ते माशाला आवडतं.

२. हुकचं टोक गांडुळाच्या डोक्यात बरोबर मध्ये, ६-७ मिलिमीटर खोल टोचा आणि बाजूने बाहेर काढा.

३. हुक ओढत न्या, डोळा डोक्यात बसेल आणि हुकचा वाकडा खांदा बाहेरून टेकेल इतका. मग हुक अर्धा वेढा फिरवा, म्हणजे टोक गांडुळाच्या अंगाकडे वळेल.

४. गांडूळ सरळ लोंबू द्या आणि हुकचा बाक कुठे येतो ते अंगावर नखाने खूण करून ठेवा. अंग थोडं मागे सरकवून त्याच जागी हुक आरपार काढा आणि टोक पाठीच्या कातडीखाली जेमतेम लपवा.

५. रॉडला टांगून पाहा. गांडूळ सुईसारखा सरळ लटकला पाहिजे. कुठे फुगा किंवा बाक दिसला तर तो पाण्यात भिंगरीसारखा फिरतो, लाइनला पीळ पडतो आणि मासा तोंडाशी येऊन वळतो. खूण चुकली असेल तर त्याच भोकात खटपट न करता गांडूळ अर्धा इंच कापून नव्याने लावा.

आता पाण्यात. आडोशाच्या थोडं पलीकडे फेका आणि आमिष खाली जात असताना लाइन ना ताणलेली ना पूर्ण सैल, अशी ठेवा. लाइन ताणली तर आमिष झोक्यासारखं तुमच्याकडे येत पडतं आणि खुंटापासून दूर जातं. बऱ्याच वेळा मासा ते खाली जातानाच घेतो आणि हाताला काहीच कळत नाही. कळतं ते डोळ्यांना. लाइनने छोटी उडी मारली, आडवी सरकायला लागली, किंवा १० फुटांच्या पाण्यात ४ फुटांवरच सैल पडली, तर माशाने घेतलं असं समजा. रॉडचं टोक खाली नेत सैल लाइन गुंडाळा आणि मगच जोराने वर ओढा. सैल लाइनवर दिलेला झटका हुकपर्यंत पोचतच नाही. तळाला टेकल्यावर रॉडचं टोक घड्याळातल्या १० वरून ११ वर न्या, थांबा, आमिष पुन्हा पडू द्या. ओढायचं रॉडने, रील फक्त सैल लाइन गोळा करायला.

वजनाबद्दल आमचा आग्रह: तळ जाणवेल असं सगळ्यात हलकं वजन निवडा. १० फुटांत १/४ औंस पुरे; वारा वाढला किंवा २० फुटांवर गेलात तर ३/८. परवडत असेल तर टंगस्टन घ्या. शिशापेक्षा बरंच घन असल्याने तेवढ्याच वजनाला आकाराने लहान राहतं आणि तळ दगडी आहे की मऊ चिखल, हे रॉडमध्ये स्पष्ट कळतं.

बाकीच्या पद्धती

ड्रॉप शॉट खोलातल्या, सुस्त किंवा बोटी पाहून बिथरलेल्या माशांसाठी. १ किंवा २ नंबरचा हुक पालोमारने बांधा, पण गाठीचं सुटं टोक दीड-दोन फूट ठेवा. हुकचं टोक वर असताना ते सुटं टोक वरून खाली पुन्हा हुकच्या डोळ्यातून काढा, म्हणजे हुक लाइनला काटकोनात उभा राहतो. खाली १/४ औंसाचं वजन. आमिष तळापासून फूटभर वर एका जागी थरथरतं. रॉड हलवायचा तो वजन जागचं न हलवता, आणि मासा लागला की झटका न देता नुसता रॉड उचलून रील फिरवायचं. इतक्या बारीक हुकला एवढं पुरतं.

क्रँकबेट तळाला किंवा खुंटाला आपटलंच पाहिजे. आपटून ते बाजूला उसळतं तेव्हाच मासा तुटून पडतो. म्हणून पाणी आहे त्यापेक्षा दोन फूट जास्त खोल जाणारं निवडा. लाइन जाड केली की तेच क्रँकबेट उथळ चालतं, हे विसरू नका. ते एका बाजूला पळत असेल तर तोंड तुमच्याकडे करून धरा आणि लाइन बांधायची कडी पळण्याच्या उलट दिशेला चिमट्याने अगदी केसभर वाकवा, मग पुन्हा ओढून पाहा.

बेडकाच्या आमिषावर पाणी उसळलं की हात आपोआप झटका देतो आणि आमिष रिकामं परत येतं. रॉडला वजन लागेपर्यंत थांबा, मग पूर्ण ताकदीने ओढा.

मासा जिवंत परत जाण्यासाठी

हात ओले करा. खालचा जबडा धरून मासा उभा ठेवा किंवा दुसरा हात पोटाखाली द्या. मोठा मासा नुसत्या जबड्यावर आडवा धरला तर सगळा भार जबड्याच्या सांध्यावर येतो. २५-३० फुटांखालून वर आलेल्या माशाचं वायुकोश फुगलेलं असतं. सुई टोचून ते सोडवणं शिकल्याशिवाय करू नये, त्यापेक्षा सोडून द्यायचे मासे तेवढ्या खोलीवरून पकडू नयेत.

लाइव्हवेलचा (बोटीतल्या मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा) पंप उन्हाळ्यात टायमरवर न ठेवता सतत चालू ठेवा. पाण्यात प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासा खंगतो. गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या टाकून तापमान जलाशयापेक्षा ४-५ अंश कमी ठेवा, त्याहून कमी नको. नळाच्या पाण्याचा सुटा बर्फ टाकला तर क्लोरीन पाण्यात उतरतं. आयोडीन नसलेलं मीठ लिटरला ३ ते ५ ग्रॅम मिसळल्याने माशावरचा ताण कमी होतो.

जागतिक विक्रमाच्या यादीत लार्जमाउथचे दोन मासे बरोबरीने आहेत: १९३२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पकडलेला. कुरितांचा मासा किंचित जड भरला, पण २५ पौंडांखालच्या माशाला नव्या विक्रमासाठी निदान २ औंस जास्त लागतात. बिवातला बास बाहेरून आणलेला आहे. त्याने तिथल्या मूळ माशांचं नुकसान केल्यामुळे जपानमध्ये जिवंत बासची वाहतूक आणि तो दुसरीकडे सोडणं यांवर २००५ पासून कायद्याने बंदी आहे. कायदा असो वा नसो, एका जलाशयातला बास दुसऱ्यात कधीही सोडू नका.

बोट जागेवर धरणं

वारा असेल तेव्हा बोटीचं नाक वाऱ्याकडे ठेवून ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवणारी विजेची छोटी मोटर) कमी पण सतत वेगावर चालवा. थांबून थांबून जोर दिला तर बोट हेलकावते आणि मोटरचा आवाज चालू-बंद होत राहतो. उथळातले मासे त्या बदलाला जास्त बुजतात. मोटर निवडताना माणसं, इंधन आणि सामान धरून दर १०० पौंड वजनाला निदान २ पौंड थ्रस्ट (ढकलण्याचा जोर) असा हिशेब धरा. ३,००० पौंडांच्या बोटीला ६० म्हणजे किमान. वाऱ्याच्या जलाशयात ८० घ्या.

या मोटरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तुटलेली मासेमारीची लाइन. पंख्यामागे गुंडाळलेली लाइन आसाभोवतीच्या सीलमध्ये घुसते, सील कापलं जातं, आत पाणी शिरतं आणि मोटर जळते. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर बॅटरीची जोडणी काढा, नट सोडवा, पंखा सरळ बाहेर ओढा आणि आडवी पिन कशी बसली आहे ते पाहून ठेवा. लाइन सापडली तर बोटांनी किंवा प्लास्टिकच्या काडीने उलगडा. सीलजवळ सुरी नको. पिन वाकलेली असेल तर बदला. पाचएक मिनिटांचं काम आहे.

बॅटऱ्या

डीप सायकल लेड-ॲसिड बॅटरी काही तास विश्रांती दिल्यावर मोजावी. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ संपलेली. चार्जर काढल्या काढल्या मोजलेला आकडा नेहमी खोटा जास्त येतो. वारंवार अर्ध्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि रिकामी ठेवून दिली तर पत्र्यांवर सल्फेट घट्ट बसतं. म्हणून घरी आल्यावर त्याच रात्री चार्जला लावा, बॅटरीच्या कप्प्याची झाकणं उघडी ठेवून, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. डिस्टिल्ड पाणी चार्ज झाल्यावर घाला. आधी भरलं तर ते फुगून आम्लासकट बाहेर येतं. अपवाद एकच: पत्रे उघडे पडले असतील तर ते बुडतील इतकं आधी घाला.

२४ किंवा ३६ व्होल्टच्या मालिकेत सगळ्या बॅटऱ्या एकाच वयाच्या आणि मापाच्या हव्यात. एक जुनी राहिली की ती बाकीच्यांना खाली ओढते. टोकांवर पंखांचे नट असतील तर लाटांच्या आदळण्याने ते सैल होतात, तार तापते आणि मोटरचा जोर कमी झाल्यासारखा वाटतो. तिथे लॉकनट लावा. लिथियम आयर्न फॉस्फेटला तिचाच चार्जर लागतो, आणि शून्य अंशांखाली ती चार्ज करायची नाही. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे किती उरली हे व्होल्टमीटरऐवजी तिच्या मॉनिटरवर बघावं.

आउटबोर्ड

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन. ते चालू असताना बारीक धार बाहेर पडते ती थंड करणारं पाणी फिरत असल्याची खूण. दर वेळी सुरू केल्यावर आधी तिकडे नजर टाका. धार बारीक झाली तर प्रथम भोकात पातळ नायलॉनची तार घालून चिखल किंवा किड्याचं घर काढा. तरी सुधारली नाही तर पंपाचा इम्पेलर गेला. हा रबरी चक्र वापरानुसार एक ते तीन वर्षांत बदलायचाच असतो. पाण्याबाहेर इंजिन चालवताना पाण्याचे कानपट्टे (पाणी आत घेणाऱ्या भोकांवर बसणारे, नळी जोडलेले रबरी कप) लावा, पाणी सोडा आणि मगच किल्ली फिरवा. कोरडा चालवला तर इम्पेलर काही सेकंदांत खराब होतो.

गिअर तेल दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा:

१. इंजिन उभं करा, खाली भांडं ठेवा. आधी खालचा स्क्रू, मग वरचा काढा. वरचा बंद राहिला तर तेल थेंब थेंब येतं.

२. तेल पाहा. दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. सील तपासल्याशिवाय नवं तेल भरून पाण्यात जाऊ नका. स्क्रूच्या चुंबकावर पिठासारखी बारीक भुकटी चालते, कण किंवा तुकडे चालत नाहीत.

३. नवं तेल पंपाने खालच्या भोकातून भरा, वरून बुडबुडे न येता सलग तेल येईपर्यंत. वरून भरलं तर आत हवा अडकते.

४. आधी वरचा स्क्रू बसवा, मग पंप काढून चटकन खालचा. दोन्हींच्या चकत्या नव्या घ्या. जुन्या चकतीमुळेच बऱ्याचदा पाणी शिरतं.

त्याच बैठकीत प्रोपेलर काढून आसावरची लाइन पाहा, आसाला मरीन ग्रीस लावा आणि नवी कॉटर पिन घाला. ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) अर्धा झिजला की बदला: गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, खाऱ्यात झिंक, दोन्हीकडे फिरत असाल तर ॲल्युमिनियम. पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि जास्त दिवस पडून राहिलं तर पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी उतरतो, जिथून इंजिन ओढतं. बोट महिनाभर उभी राहणार असेल तर स्टॅबिलायझर टाकून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे तो इंजेक्टरपर्यंत पोचेल. पाणी वेगळं करणारा फिल्टरही दर १०० तासांनी बदला.

किल स्विचची (दोरी निघताच इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी अंगाला अडकवल्याशिवाय वेग घेऊ नका. अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान बोटींवर तो स्विच बसवलेला असेल तर वेगात असताना दोरी लावणं १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे.

ट्रेलर, उतरवणं आणि परतणं

लांबच्या प्रवासाने चाकाचा हब तापतो. तो तसाच थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ग्रीस राखाडी-पांढरं होतं, मग बेअरिंग गंजतं आणि एक दिवस रस्त्यात जाम होतं. रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) पोचल्यावर सामान लावण्यात पंधरा-वीस मिनिटं घालवून हब निवू द्या. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून धुवून ग्रीस भरा. मध्ये मध्ये चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर ते सैल आहे, फिरवताना घरघरलं तर खराब.

पाण्यात उतरण्याआधी तळाचं बूच बसवा, मागचे पट्टे सोडा, दिव्यांची जोडणी काढा. पुढची साखळी मात्र बोट पाण्याला टेकेपर्यंत तशीच राहू द्या; तिरप्या रॅम्पवर अनेक बोटी काँक्रीटवर पडल्या आहेत त्या याच घाईने.

परतल्यावर रॅम्पच्या वर बूच काढून तळ, लाइव्हवेल आणि बादल्या पूर्ण रिकाम्या करा. ट्रेलरच्या सांध्यांतलं गवत हाताने काढा. झेब्रा शिंपल्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि उरलेल्या पाण्यातून दुसऱ्या जलाशयात पोचतात. लगेच दुसरीकडे जायचं असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्याने धुवा, नाहीतर निदान पाच दिवस सगळं कोरडं होऊ द्या. तळावर बसलेली पांढरी-पिवळी रेघ पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून निघते. मग साध्या पाण्याने धुवून वॅक्स लावा.

हिवाळ्यात गोठणाऱ्या प्रदेशात इंजिन सरळ उभं ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळून जाईल. तिरकं ठेवलेल्या इंजिनात ते गोठून आवरण फुटतं. लाइव्हवेलचे पंप आणि नळ्याही रिकाम्या करा. रीलचे ड्रॅग सैल सोडा, आतल्या चकत्या दबून चपट्या होत नाहीत. प्लास्टिकचे गांडूळ त्यांच्या मूळ पिशवीतच ठेवा. कडक आमिषांच्या डब्यात पडले तर त्यांतल्या तेलाने रंग विरघळतो आणि डब्याचा तळही चिकट होतो.